जेलीचे पाकीट : साठवण, मुदत आणि पारख

यवतमाळ जिल्ह्यात 'जिलेटिन' हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा खाणीच्या किंवा विहिरीच्या बातमीत भेटतो. वणी परिसरातील कोळसा खाणी, ठिकठिकाणच्या दगडखाणी आणि खडक फोडून खोल नेल्या जाणाऱ्या विहिरी यांमुळे 'जिलेटिनच्या कांड्या' येथील वाचकाला परिचित आहेत. वाढदिवसाच्या बशीत थरथरणाऱ्या लालचुटूक जेलीचा या कांड्यांशी नावापलीकडे संबंध नाही. आल्फ्रेड नोबेल यांनी १८७५ मध्ये तयार केलेले स्फोटक जेलीसारखे लिबलिबीत होते, म्हणून त्याला ते नाव मिळाले. खाण्याचे जिलेटिन त्यात नव्हतेच.

खाण्याचे जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडांतून व कातडीतून निघणारे प्रथिन आहे. हिवाळ्यात रात्री केलेला पायाचा रस्सा सकाळी पातेल्यात थिजलेला दिसतो, तो याच प्रथिनामुळे. या उद्योगाचा एक धागा आपल्या शेजारून जातो. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ बामणी येथे हाडांच्या चुऱ्यावर आम्लाची प्रक्रिया करून 'ओसीन' काढण्याचा कारखाना उभा राहिला. ओसीन म्हणजे खनिजे निघून गेलेले हाड, अर्थात जिलेटिनचा कच्चा माल. एकेकाळी जेली करायची म्हणजे जनावरांचे पाय तासन्‌तास उकळावे लागत आणि ती लगेच संपवावी लागे. अमेरिकेत पीटर कूपर यांनी १८४५ मध्ये जिलेटिनच्या भुकटीचे पेटंट घेतले, तर १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ले रॉय या गावी पर्ल वेट यांनी तिच्यात साखर व फळांचे स्वाद मिसळून 'जेल-ओ' तयार केले. आज किराणा दुकानात मिळणारे स्ट्रॉबेरी, रासबेरी, संत्रे, अननस अशा स्वादांचे पाकीट हे त्याचेच वंशज होय.

भुकटी करण्यामागचा हेतूच टिकाऊपणा हा होता. मात्र हा टिकाऊपणा भुकटीचा आहे, तयार जेलीचा नाही. पाकिटावर छापलेली मुदत बंद पाकिटातल्या कोरड्या भुकटीला लागू असते. पाकीट फोडले की ती कमी होते, आणि भुकटीत पाणी पडले की तिचा काही अर्थ उरत नाही. तेथून पुढची मोजणी महिन्यांची नसून तासांची आणि फार तर दोन-चार दिवसांची असते. घरोघरी गफलत होते ती या दोन मुदतींची सरमिसळ झाल्यामुळे. महिनाभर जुने झालेले, पण कोरडे व निर्दोष पाकीट घाबरून फेकले जाते आणि मे महिन्यात दुपारभर टेबलावर राहिलेली जेली संध्याकाळी मुलांना निर्धास्तपणे वाढली जाते. खरे तर नेमके उलट व्हायला हवे.

पाकिटात काय आहे?

साठवणीचा विचार करण्याआधी हातातले पाकीट कोणत्या जातीचे आहे हे पाहावे. भारतीय बाजारातील 'जेली क्रिस्टल्स'च्या अनेक पाकिटांवर हिरवा ठिपका असतो. त्यांत जिलेटिन नसते. समुद्री शेवाळापासून काढलेले कॅरागीनन किंवा अगर (आपले चायना ग्रास) त्यात थिजवण्याचे काम करते. घटकांच्या यादीत ४०६ हा क्रमांक अगरचा, तर ४०७ हा कॅरागीननचा. ४२८ क्रमांक किंवा 'जिलेटिन' असा स्पष्ट शब्द असेल तर पदार्थ प्राणिज आहे असे समजावे. अशा पाकिटावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी त्याच्या जागी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आणला. शाकाहारी कुटुंबांसाठी हा तपशील महत्त्वाचा आहेच, पण टिकण्याच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

बाकी भुकटीचा मोठा हिस्सा साखरेचा असतो. सोबत सायट्रिक आम्ल, स्वाद आणि रंग. या मिश्रणात मोकळे पाणी जवळजवळ नसल्यामुळे जिवाणू किंवा बुरशी यांना त्यात वाढता येत नाही. म्हणून कोरडी राहिलेली भुकटी सहसा 'नासत' नाही, ती म्हातारी होते. आधी सुगंध उडतो, मग रंग फिकटतो, त्यानंतर थिजण्याची ताकद कमी होते. साधे, बिनस्वादाचे जिलेटिन हवाबंद असेल तर कित्येक वर्षे उपयोगी पडते. स्वादाच्या जेलीची मुदत त्याहून कमी ठेवलेली असते, याचे कारण मुख्यतः हा उडून जाणारा स्वादच.

तारीख कशी वाचावी?

जुन्या पद्धतीच्या पाकिटांवर उत्पादनाचा महिना आणि 'पॅकिंगपासून अमुक महिन्यांच्या आत वापरल्यास उत्तम' अशा अर्थाचे वाक्य असे. उदाहरणार्थ, पॅकिंग ऑगस्ट २०२५ चे आणि मुदत १८ महिने असेल तर ती फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते. हा हिशेब दुकानात उभ्याउभ्या करणे अनेकांना जमत नाही. २०२० च्या नियमांनुसार 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' तारीख छापणे बंधनकारक झाले आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक राहिले. दोन्हींत फरक आहे. 'बेस्ट बिफोर' ही गुणवत्तेची हमी असते. ती उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असे नव्हे, फक्त उत्पादकाने स्वादाची व थिजण्याची जबाबदारी सोडली. 'यूज बाय' उलटलेले पाकीट मात्र वापरू नये आणि विकत तर मुळीच घेऊ नये. अशा मालाची विक्री करता येत नाही.

घरातले पाकीट 'बेस्ट बिफोर' उलटून थोडे दिवस झालेले असेल, आतले आवरण अभंग असेल आणि भुकटी सुटी असेल तर पारख करून ते वापरण्यास हरकत नसावी. वर्ष-दोन वर्षे उलटलेल्या पाकिटाच्या नादी लागू नये. दोन-चार कपांच्या जेलीसाठी एवढी चिकाटी कशाला?

नवतपा, कूलर आणि पावसाळा

भुकटीला दोनच शत्रू : ओलावा आणि उष्णता. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, कोठेही जा, मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात असतो. नवतप्यात पश्चिमेच्या भिंतीतले कपाट संध्याकाळी हाताला चटका देते. स्वाद उडण्यास आणि साखरेचे खडे होण्यास ही उष्णता पुरेशी आहे. कोरड्या उन्हाळ्यात निदान दमटपणा तरी नसेल, असे वाटते. पण विदर्भातील घरांत मार्चअखेरपासून कूलर सुरू होतो आणि पाण्याने भिजलेल्या ताट्यांतून आलेली हवा घरभर खेळते. म्हणजे ज्या काळात पाकीट तापते, त्याच काळात ते दमटही होते. जूनच्या मध्यावर कूलर झाकला जातो, तोवर पाऊस येतो. थोडक्यात, आपल्याकडे मार्च ते सप्टेंबर असे सात महिने भुकटी सांभाळावी लागते. मुंबई-पुण्याच्या पाककृतींच्या पुस्तकांत 'थंड व कोरड्या जागी ठेवा' एवढेच लिहिलेले असते. तशी जागा यवतमाळच्या घरात मे महिन्यात शोधावी लागते.

ती बहुधा आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात सापडते. गॅसच्या शेगडीवरचे फडताळ, फ्रिजचा माथा आणि खिडकीतला कट्टा या तीन जागा टाळाव्यात. कूलरचा झोत पोहोचतो ती खोलीही टाळावी. न फोडलेले पाकीट जसेच्या तसे घट्ट झाकणाच्या बरणीत किंवा डब्यात ठेवावे, म्हणजे मुंग्याही लागत नाहीत. भुकटी मोकळी करून बरणीत ओतण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. तारीख, बॅच क्रमांक आणि पाण्याचे प्रमाण पाकिटावरच असते आणि पाकीट कचऱ्यात गेले की सारेच अंदाजावर येते.

फ्रिजमध्ये भुकटी ठेवावी का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उन्हाळ्यात बंद पाकीट हवाबंद डब्यात घालून ठेवल्यास नुकसान नाही, पण बाहेर काढताच फोडू नये. थंड पाकिटावर हवेतली वाफ जमते आणि ती भुकटीत उतरते. डबा तासभर बाहेर ठेवून, तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. फोडून अर्धे वापरलेले पाकीट मात्र फारसे भरवशाचे राहत नाही. साखरेचे जाड कण आणि थिजवणारी बारीक पूड हलवाहलवीत वेगवेगळी होतात, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या भागाची जेली कधी दगडासारखी, तर कधी सरबतासारखी होते. काही पाकिटांत स्वादाची वा आम्लाची पुडी स्वतंत्र असते, तिचे अर्धे करणे तर अधिकच अवघड. शक्यतो पाकीट एकदाच पूर्ण वापरावे. उरलेच तर तोंड घट्ट बंद करून, कोरड्या डब्यात ठेवून महिन्याभरात संपवावे. ओला चमचा त्यात कधीही घालू नये.

औषधांच्या कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचेच असते, हेही येथे सांगायला हवे. दमट जागी त्या एकमेकींना चिकटतात, फार कोरड्या व तप्त जागी ठिसूळ होतात. जेलीच्या पाकिटासाठी शोधलेली जागा त्यांनाही मानवते.

जुन्या पाकिटाची पारख

प्रथम पाकीट हातात घेऊन दाबून पाहावे. आत भुकटी सुटी सरकत असेल तर उत्तम. चिमटीत सहज फुटणारे गोळे असतील तर थोडा दमटपणा लागला आहे, पण भुकटी वापरता येते. सगळा ऐवज एकच ढेकूळ झाला असेल, हाताला चिकटत असेल किंवा त्यावर ओलसर रंगाचे डाग दिसत असतील तर ते पाकीट टाकावे. ओलावा शिरला याचा अर्थ आता कोरडेपणाचे संरक्षण उरलेले नाही. जाळी, अळी, किडे किंवा कुबट वास असेल तर पुढे तपासण्याची गरजच नाही. ताजे पाकीट फोडताच स्वादाचा दर्प नाकात शिरतो. तो क्षीण असेल तर जेली गोड होईल, पण बेचव.

एवढ्यावर पाकीट उतरले तर थिजण्याची चाचणी घ्यावी. पाकिटावरील प्रमाणानुसार एखाद-दुसरा चमचा भुकटी वाटीत घेऊन त्या मानाने उकळते पाणी घालावे आणि दोन मिनिटे ढवळावे. उष्णतेत व दमटपणात फार काळ राहिलेल्या जिलेटिनच्या साखळ्या आपसांत गुंततात, मग ते पूर्ण विरघळत नाही आणि तळाशी चिकट तुकडे राहतात. द्रावण स्वच्छ झाले तर वाटी फ्रिजमध्ये ठेवून दोन तासांनी तिरपी करून पाहावी. पृष्ठभाग हलला नाही तर पाकीट कामाचे आहे. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी ही चाचणी केली, तर ऐनवेळी पातळ जेली पाहण्याची पाळी येत नाही. मात्र ही चाचणी फक्त थिजण्याची आहे. ओले झालेले किंवा कीड लागलेले पाकीट त्यात 'पास' झाले म्हणून खाण्यायोग्य ठरत नाही.

तयार जेली : उभी राहिली म्हणजे टिकली असे नव्हे

खरी जोखीम येथून पुढे आहे. आपल्याकडे 'जेली' म्हटले की पेरूच्या जेलीची बाटलीही डोळ्यांसमोर येते. ती वर्षभर टिकते, मग ही का नाही? पेरूच्या जेलीत किंवा जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे बहुतांशी साखर, शेकडा ६५ च्या आसपास किंवा अधिक असतात आणि एवढ्या दाट साखरेत जिवाणूंना पाणी मिळत नाही. पाकिटाच्या जेलीत साखरेचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या जवळपास येते. उरलेले बहुतेक सारे पाणी. सरबत जितके टिकेल, तितकीच ती टिकते.

त्यातही जिलेटिनची जेली म्हणजे जिवाणूंची मेजवानीच. हे अलंकारिक विधान नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी पोषक रसात जिलेटिन घालून त्याचे थर वापरले होते. त्यात दोन अडचणी आल्या. उन्हाळ्यात थर वितळत आणि काही जिवाणू तर जिलेटिनच पचवून त्याचे पाणी करत. कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वॉल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेलीसाठी अगर वापरत. जावा बेटाशी संबंध असलेल्या परिचितांकडून त्यांना ते ठाऊक झाले होते. त्यांनी १८८१ मध्ये तेच सुचवले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजतागायत अगर वापरले जाते.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी लागू पडते. जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणून तर ती जिभेवर विरघळते. यवतमाळच्या मे महिन्यात ती पंख्याखालीही उभी राहत नाही. अगरची जेली ३५ ते ४० अंशांना थिजते आणि पुन्हा वितळण्यासाठी तिला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागते. कॅरागीननची जेलीही खोलीच्या उष्णतेत ताठ राहते. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात शाकाहारी जेली सोयीची ठरते ती यामुळेच. पण येथेच फसगत आहे. जिलेटिनची जेली वितळून आपण बिघडण्याच्या वाटेवर आहोत हे निदान कबूल तरी करते. शाकाहारी जेली ४० अंशांत चार तास राहूनही तितकीच देखणी दिसते. तिच्यातल्या पाण्यात, फळांच्या फोडींत आणि वरच्या कस्टर्डमध्ये जिवाणू मात्र वाढतच असतात. ५ ते ६० अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा मानला जातो. शिजवलेले, नाशवंत पदार्थ या पट्ट्यात दोन तासांहून अधिक आणि हवा ३२ अंशांवर असल्यास एका तासाहून अधिक राहू नयेत, हा सर्वमान्य संकेत आहे. यवतमाळला मार्च ते जून दरम्यान दुपारी एका तासाचाच नियम धरावा.

फ्रिजमध्ये झाकून ठेवलेली साधी जेली तीन दिवस चांगली राहते. फळांच्या ताज्या फोडी असतील तर दोन दिवस, दूध, साय किंवा कस्टर्ड असेल तर दुसऱ्या दिवशी संपवणे बरे. कडेला थोडे स्वच्छ पाणी सुटणे ही जेलीची स्वाभाविक प्रवृत्ती असून तो बिघाड नव्हे. फेस, बुडबुडे, आंबूस वास, बुळबुळीतपणा, रंगीत ठिपके किंवा थंडगार फ्रिजमध्ये असूनही जेली आपोआप पातळ होणे ही मात्र निश्चित खूण आहे. उलट, अशी खूण नाही म्हणून पदार्थ निर्धोक आहे असे ठरत नाही. पोट बिघडवणारे अनेक जिवाणू रंग-वास बदलत नाहीत. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्या ताटात संशयास्पद जेली चाखून पाहण्याइतकीही नसावी.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे वळवाच्या वादळांत हमखास येतो. दार बंद ठेवल्यास फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरतो. गावाहून परतल्यावर घरातली जिलेटिनची जेली वितळून पुन्हा सपाट थिजलेली दिसली, तर मधल्या काळात फ्रिज चांगलाच तापला होता हे ओळखावे आणि जेलीसोबत दूध, पनीर, शिजवलेल्या भाज्याही काढून टाकाव्यात. जेली अभंग आहे म्हणून बाकी सारे सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नये. आणि ती शाकाहारी असेल तर तिच्यावरून काहीच कळत नाही. बर्फाच्या कप्प्यात जेली ठेवणे व्यर्थ आहे. बर्फाचे स्फटिक तिची वीण तोडतात आणि बाहेर काढल्यावर ती पाणी सोडून भुसभुशीत होते.

पाण्याबद्दलही बोलायला हवे. पाकिटावरच्या कृतीत बहुधा अर्धे पाणी उकळते आणि अर्धे थंड घालायचे असते. जे अर्धे थंड पडते, ते जिवाणूंसह पडू शकते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळ शहराने टँकरचे दिवस पाहिले. साठवलेले पाणी वापरण्याचे दिवस या भागाला नवे नाहीत. तेव्हा सगळेच पाणी उकळून त्यातले अर्धे निववून घ्यावे. लवकर थिजावी म्हणून काही जण बाजारचा बर्फ मिश्रणात टाकतात, तो प्रकार टाळावा. अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचे बंधन राज्यात २०१८ पासून आहे, परंतु रंग नाही म्हणून बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आहे असे गृहीत धरता येत नाही. भांडे बर्फात ठेवावे, बर्फ भांड्यात नव्हे.

जेली थिजलीच नाही, तर पाकिटाला दोष देण्यापूर्वी फळे आठवावीत. कच्चा अननस, पपई, किवी, अंजीर आणि आले यांतील द्रव्ये प्रथिने तोडतात. जिलेटिन हे प्रथिनच असल्याने ती जेली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सरबतच राहते. हीच फळे उकळून घेतल्यास किंवा डबाबंद वापरल्यास अडचण येत नाही. अगर व कॅरागीनन ही प्रथिने नसल्यामुळे त्यांना या फळांचे भय नाही. आपल्या संत्र्याच्या फोडी दोन्हींत चालतात. लिंबाचा रस मात्र बेताने घालावा, फार आंबटपणात जेली मऊ पडते. जिलेटिन घातल्यावर मिश्रण खळखळून उकळत ठेवणेही नको, त्यानेही पकड सैल होते.

खरेदीच्या वेळी

उन्हात ठेवलेल्या हातगाडीवरील, तारीख खोडलेली किंवा नवे लेबल चिकटवलेली पाकिटे स्वस्त असली तरी घेऊ नयेत. ऑनलाइन मागवलेले पाकीट हातात पडताच तारीख पाहावी. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की, ग्राहकाच्या हाती पोहोचताना मालाची किमान ३० टक्के मुदत शिल्लक असावी किंवा मुदत संपण्यास निदान ४५ दिवस असावेत. मुदतबाह्य माल मिळाला तर पाकीट न फोडता, पावतीसह जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्यावी. पाकीट फोडून भुकटी वापरून झाली असेल तर निदान बॅच क्रमांक असलेले रिकामे आवरण तरी हाताशी असावे. त्याच बॅचचे दुसरे बंद पाकीट दुकानात मिळाल्यास तपासणीसाठी ते अधिक उपयोगी पडते.